एक थेंब न सांडता

४ मार्च, सोमवार

म्हणे, आई, आता स्वयंपाकघर बंद कर!

लेकाने हे चहा पिता पिता सांगितलं असतं तर मला निदान कप तरी आपटता आला असता. पण त्याने चहा घेतलाच नाही. हल्ली घेतच नाही, ‘क्लिनिकमध्ये झाला’ म्हणतो. दातांचा डॉक्टर आहे, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो आणि आईच्या तोंडाकडे बघून बोलायची मात्र हिंमत नाही. दाराशी उभा राहून, हात खिशात घालून सांगितलं. त्यांच्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी केली आहे. खिडकी मोठी आहे. सूनबाई मागून म्हणाली, आई, तुम्हाला तिथे काहीच करावं लागणार नाही. चांगुलपणाने म्हणाली, म्हणून तर जास्त झोंबलं. काहीच करायचं नाही? मग मी करू काय — खिडकी मोजत बसू?

कारण काय, तर माझा हात. मागच्या आठवड्यात गरम पाण्याचं पातेलं निसटलं आणि पायावर फोड आला. फोड बरा झाला, पण सूनबाईने पट्टी बघितली होती.

हात थरथरतो. खोटं कशाला बोलू? स्वस्थ बसलं की मांडीवर गप्प पडून असतो. काही उचलायला गेलं की नाचायला लागतो. ज्या हाताने पस्तीस वर्षं गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्याची ही गत. डॉक्टर म्हणाले, याने जीव जात नाही. जीव जात नाही, घर जातं, हे सांगायचं त्यांचं राहिलं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. रविवारी माझा वाढदिवस आहे ना? इथेच करायचा. बोलवा सगळ्यांना. पेय मी बनवणार, प्रत्येकाच्या ग्लासात मीच ओतणार. टेबलावर एक थेंब सांडला तर सोमवारी बॅग भरते. नाही सांडला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!

“एक थेंब?” लेक म्हणाला.

“एक थेंब.”

ते गेल्यावर पाणी प्यायला घेतलं. अर्धं पदरावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

५ मार्च, मंगळवार

सूनबाईचा फोन. तिचे आईवडील येणार आहेत, वाइनची एक बाटली आणू का? म्हटलं, बाटली या घरात येणार नाही. मी फळांचं कॉकटेल करणार आहे, बिनदारूचं. “म्हणजे सरबत,” ती म्हणाली.

सरबत नव्हे! फार वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या बारमागची भिंत रंगवायचं काम मिळालं होतं. वीसेक पेयं, प्रत्येकाचा ग्लास हुबेहूब हवा. बारवाला एकेक बनवून माझ्यासमोर ठेवायचा — जड रंग तळाला, हलका वर, कडेला साखरेची रेघ. मी पीत नाही म्हटल्यावर माझ्यापुरती दारू वगळून करायचा. म्हणायचा, बाई, नशा गेली तरी थाट जाता कामा नये. तो थाट मला अजून पाठ आहे.

बाजारात गेले. कलिंगड, संत्री, लिंबं, आलं, पुदिना, अननस. फळवाला म्हणाला, मावशी, अननस कापून देतो. आधी नको म्हणणार होते. मग म्हटलं, दे बाबा. पैज ओतण्याची आहे, सोलण्याची नाही. आणि अननसाला काटे असतात.

६ मार्च, बुधवार

आज पहिली तालीम. कलिंगड चमच्याने खरवडलं, सुरीची गरजच नाही. गाळणीतून दाबून रस काढला. त्यात संत्र्याचा, अननसाचा, लिंबाचा रस, आल्याचा जेमतेम चमचाभर, चिमूट मीठ. सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून हलवायचं — आणि हे काम तर मला फुकटात जमतं! नुसता डबा धरला. बाकी हाताने बघून घेतलं. एकटीच खो खो हसले.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वाटलं, सोडाही आताच घालू, ओतायचं एक काम वाचेल. झाकण घट्ट लावलं. हात आपला नाचतोच आहे. डबा फुगल्यासारखा वाटला म्हणून झाकण जरा सैल केलं, आणि धडाम्! झाकण छताला, कलिंगड छताला, माझ्या केसांत, कॅलेंडरवर, चष्म्यावर.

समोरची मास्तरीण धावत आली. निवृत्त झाली तरी धावणं शाळेतलंच. मला लालेलाल बघून दाराची चौकट धरून खालीच बसली. तिला सांगितलं, अहो, मेले नाही, कॉकटेल करते आहे. तिने आधी रडून घेतलं, मग छतावरून हनुवटीवर पडलेला थेंब चाटून बघितला. म्हणाली, आलं कमी आहे.

म्हणजे सोडा शेवटी. प्रत्येक ग्लासात वेगळा. बारवाल्यानेही सांगितलं होतं, मीच विसरले.

७ मार्च, गुरुवार

छतावरचं कलिंगड पुसलेलं नाही. राहू दे. माझं छत आहे.

संध्याकाळी लेक येऊन गेला. माझ्यासाठी झाकणाचा कप आणला, लहान मुलांना देतात तसला, खाली जड आणि दोन कानांचा! कोणता कान पकडला की कमी हलतं, हेसुद्धा समजावून सांगायला लागला. आणि वर कागदी स्ट्रॉचं पाकीट. म्हणे, रविवारी सगळ्यांच्या ग्लासात स्ट्रॉ घाल, म्हणजे कोणालाच ग्लास उचलावा लागणार नाही. मी म्हटलं, माझे पाहुणे धडधाकट आहेत, त्यांना कशाला स्ट्रॉ? त्याने पाकीट ठेवून दिलं.

आणि जाता जाता काय बोलावं? “आई, ओतायच्या आधी दोन घोट घेतलेस ना, तर तासभर हात दगडासारखा राहतो.”

कसल्या घोटांचं म्हणतो आहे ते कळायला मला वेळ लागला. खरं आहे ते — डॉक्टरही म्हणाले होते, आणि हेही म्हणाले होते की उतरली की दुप्पट थरथरतो, त्या वाटेला जाऊ नका. पण ज्याने जन्मात बाटलीला हात लावला नाही, त्याने मला हे शिकवावं? इतका राग आला की कप त्याच्या हातात परत कोंबला. सांगितलं, जिंकेन तर माझ्या हाताने जिंकेन. उसना हात नको मला!

तो कप घेऊन गेला. नेईल असं वाटलं नव्हतं.

८ मार्च, शुक्रवार

सहा ग्लास पाणी ओतून बघितलं. सहाही ग्लासांची बेटं झाली, भोवती समुद्र. टेबल पुसलं. पुन्हा सहा. पुन्हा समुद्र. मास्तरीण म्हणाली, थोरामोठ्यांनीही माघार घेतली आहे, तुम्ही का हट्ट करता? तिला म्हटलं, थोरामोठ्यांना तळमजल्यावरची खोली दाखवली नव्हती कोणी.

दुपारी रडले. लिहून ठेवते, कोण वाचणार आहे. तळमजल्यावरच्या त्या खोलीत मी मोठ्या खिडकीशी बसले आहे आणि कोणीतरी मला भरवतं आहे, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

डोळे पुसायला पलंगाखालच्या पेटीतून जुनं धोतर काढायला गेले — रंगाच्या कामाचं, मऊ झालेलं. त्यातच गुंडाळलेली होती. माझी टेकणकाठी! हातभर लांब, टोकाला चिंध्यांचा गोळा. पाटीवर अक्षर काढताना ती आडवी धरायची आणि तिच्यावर मनगट टेकवायचं, म्हणजे रेघ हलत नाही. तरण्याताठ्या रंगाऱ्यांचाही हात हलतो. म्हणून तर काठी असते! इतकी वर्षं ती वापरली आणि चार दिवस टाहो फोडत बसले. अक्कल पलंगाखाली ठेवून जगात फिरते मी.

रंगाचे दोन रिकामे डबे मांडले, वर काठी आडवी बांधली. मनगट काठीवर. फक्त मूठ वळवायची.

तीन ग्लास कोरडे!!

९ मार्च, शनिवार

एक गोष्ट कळली. ओतायचा जग भरलेला असला की हात कमी हलतो, वजनाने दबतो. रिकामा होत जाईल तसा नाच वाढतो. म्हणजे शेवटचा ग्लास सगळ्यात वाईट. पण भर टाकत राहिलं तर चार माणसांचं पेय उरतं. उरू दे, मास्तरीण पिईल.

कलिंगडाच्या रसाचा बर्फ लावला आहे. साध्या बर्फाने चव पाणचट होते.

१० मार्च, रविवार

हाता, आज ऐक माझं.

११ मार्च, सोमवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आता लिहिते.

तेरा माणसं. धाकटी बहीण, तिचा नवरा, सुनेचे आईवडील, माझ्याबरोबर पाट्या रंगवणारे दोघे म्हातारे, मास्तरीण, खालचं बिऱ्हाड, आणि लेक-सून. टेबलावर पांढरी चादर घातली. सूनबाई म्हणाली, आई, पांढरी? मुद्दाम पांढरी! लपवायचं काय आहे?

डबे आणि काठी बघून व्याही हसले. रंगारी हसले नाहीत. त्यांतला एक उठून उभाच राहिला.

ग्लासांच्या कडा आधीच लिंबाने ओल्या करून साखरेत टेकवल्या होत्या. लाल बर्फ, पुदिन्याची चोळलेली पानं. सोडा ज्याने त्याने आपापला घालायचा. डबा हलवला — धाकटी म्हणाली, ताईला यासाठी वेगळे कष्ट नकोत. सगळे हसले, मीही. मग जग उचलला आणि मनगट काठीवर ठेवलं. पहिला ग्लास. दुसरा. व्याह्यांचा. विहीणबाईंचा. श्वास सोडताना ओतायचं, लांब रेघ ओढताना सोडायचे तसा. बारा ग्लास कोरडे! रंगारी एकेक बोट मोडून मोजत होता.

शेवटचा लेकाचा. जगात भर टाकायची राहिली. माझा माज, दुसरं काय. जग हलका झालेला, हात उसळला, आणि एक थेंब चादरीवर. लाल, वाटाण्याएवढा.

लेकाने त्यावर बशी सरकवली. पटकन, खडखड आवाज करत. आणि म्हणाला, “जिंकलीस, आई.”

टाळ्या पडल्या. व्याह्यांनी तीनदा मागून घेतलं. हे बाजारात का मिळत नाही, असं विचारत होते. लेकाने स्वतःच्या ग्लासात तेवढा स्ट्रॉ घातला, टेबलावर वाकून प्यायला, ग्लासाला हात लावला नाही. मला चिडवतो आहे असं वाटलं. केक कापतानाही माझं लक्ष त्या बशीकडे होतं.

दया! माझ्याच टेबलावर, माझ्याच लेकाने मला दया वाढली. त्यापेक्षा हरले असते तर बरं. रात्रभर तळमळले आणि आज सकाळी त्याला फोन केला. उचलला नाही. मग सूनबाईला केला. सांगितलं, थेंब सांडला होता. बशीखाली होता. मी शब्दाची पक्की आहे, बॅग भरते आहे.

ती म्हणाली, मी बघितला होता, आई. बारा ग्लास भरलेत तुम्ही. मला स्वतःलाही जमले नसते. बॅग नका भरू.

“आणि बशी?” मी विचारलं.

“ते हल्ली सगळंच झाकतात, आई,” ती म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. काय झाकतो, विचारलं. मलाही सांगत नाहीत, म्हणाली.

चादर धुतली नाही अजून.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी लेक आला. एकटा, क्लिनिक बंद ठेवून. खुर्चीवर बसला, हात खिशातून काढून टेबलावर ठेवले. स्वस्थ होते. मग पाण्याचा ग्लास उचलला.

माझा हात! बोटं त्याच्या बापाची, पण नाच माझा.

“तुझं कितव्या वर्षी सुरू झालं, आई?”

“साठीनंतर.”

तो चव्वेचाळीसचा आहे. खाली बघून सांगत होता. क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये बाटली आहे. पेशंटला खुर्चीत घ्यायच्या आधी दोन घोट. वर्ष झालं. रविवारी माझ्या घरी यायचं म्हणून घेतली नव्हती.

मी उठले. रंगाचे डबे मांडले, वर काठी बांधली. फ्रीजमधलं उरलेलं कॉकटेल जगात काठोकाठ भरलं. त्याचं मनगट धरून काठीवर ठेवलं.

“ओत.”

“सांडेल, आई.”

“सांडू दे.”