मरत नसलेल्या कोंबड्या

३ जून १९९९

आज एकदाचे कोंबड्यांना राणीखेत रोगाचे विषाणू टोचले! अर्ध्या पिंजऱ्यांनी महिनाभर दिनकर सरांचा लसूणघास खाल्लाय — जनुकं बदलून त्या पाल्यातच म्हणे लस. उरलेल्यांना साधा घास. साध्या घासवाल्या मेल्या आणि सरांच्या जगल्या, की सर जिंकले. त्यासाठी हा माणूस संस्थेतली प्रयोगशाळा सोडून, मला मदतनीस म्हणून घेऊन, गुडगावच्या कंपनीच्या दारात बसलाय. बाहेरून काचेची इमारत, आत संडासाला पाणी नाही. चिराग म्हणून मॅनेजर आहे. टाय लावून शेडमध्ये येतो आणि नाकाला रुमाल लावून उभा राहतो.

५ जून

चिराग: "मॅडम, मुर्गियाँ मरेंगी कब?" जसा काही पिझ्झा मागवलाय!

८ जून

एकही मेली नाही. साध्या घासवाल्यासुद्धा मजेत फिरताहेत! एव्हाना आडव्या व्हायला हव्या होत्या. सर म्हणाले, "थांब ना, बिल्कुल घाई नको." थांबण्यातच गेली यांची हयात.

९ जून

सापडलं! टोचण्याआधीच्या रविवारी इथे दिवसभर वीज नव्हती. जनरेटर लिफ्टला आहे, एसीला आहे, चिरागच्या केबिनमधल्या माशांच्या पेटीलाही आहे. विषाणूंच्या फ्रीझरला नाही! म्हणजे विषाणू आधीच मेलेले, आम्ही कोंबड्यांना नुसतं पाणी टोचलं. घरी दिल्लीला परतताना मुनिरका येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

११ जून

मीटिंगमध्ये सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. मजा आली — खोटं कशाला लिहू? चिराग टायशी चाळा करत बसला. सर म्हणाले, "हेमलता, थोडे विषाणू जगले असतील तर आजार उशिरा दिसतो. आणखी आठवडाभर बघू." मी म्हटलं, "सर, आशेवर पेपर छापत नाहीत." कोणीतरी हसलं. कंपनीने प्रयोग तिथल्या तिथे बंद केला.

१२ जून

जनुकं बदललेली झाडं प्रयोग बंद झाला की जाळायची, हा नियम. सरांचा सगळा लसूणघास भट्टीत गेला. त्याने अजून बी धरलं नव्हतं. पुन्हा करायचं तर अगदी पहिल्यापासून, आणि सर तर डिसेंबरात रिटायर! तेही आले होते. कुंड्या एकेक करून स्वतः उचलून देत होते. मला म्हणाले, "तुझी बस जाईल, निघ तू." नाटकी माणूस!

१५ जून

प्रयोगातल्या कोंबड्यांची विल्हेवाट लावायला शेडवर गेले. साध्या घासवाल्या तीन मरून पडल्यात. बाकीच्यांच्या माना वाकड्या, पाय लुळे.

सरांच्या सगळ्या जिवंत आहेत. मला बघून दाण्यासाठी जाळीशी गर्दी करताहेत.