आप्पांची मोटारसायकल

आप्पा, तुमच्या मोटारसायकलचा एक नट सैल करायला मला अख्खी सकाळ लागली. पाना घसरला, बोटाचं सालटं निघालं आणि नट होता तिथेच. नट आवळून झाला की तुम्ही दातओठ खाऊन वर तो आणखी एकदा आवळायचात, जणू कुणी तो पळवून नेणार होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तो जोर अजून तसाच आहे. महाडच्या कोर्टातली कुठलीही फाईल तुम्ही डोळे मिटून काढून द्यायचात म्हणे. घरी मात्र सगळे स्क्रू एकाच बिस्किटाच्या डब्यात, आणि कुठला कशाचा याचा पत्ता नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मला वर डोंगरात, कुडपणच्या बाजूच्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं आणि शाळेच्या वेळेला वर जाणारी एसटी नाही. मुंबईहून दादा म्हणाला, नवी स्कूटर घे, कशाला डोकं लावतेस. हायवेवरच्या मेकॅनिकने तर जागेवरून न उठताच गाडी भंगारात द्यायला सांगितलं. नवी घेता आली असती, पण मला हीच हवी होती, आणि ती मीच सुरू करायची होती. का, ते तुम्हाला माहीत आहे. मी सातवीत आहे, रविवारची सकाळ आहे, तुम्ही बनियनवर अंगणात पेपर पसरून बसलात आणि दादा शेजारी जांभया देतोय. तुम्ही त्याला प्लग कसा साफ करतात ते सांगताय. त्याचं लक्ष नाही, माझं आहे. मी पाना उचलते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "ठेव तो. तुझं काम नाय ते. चहा टाक जा." मी चहा टाकला. मुद्दाम साखर घातली नाही, आणि तुम्ही तो तसाच पिऊन टाकलात, तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

तर आता पडवीतल्या गाडीवरची ताडपत्री काढून मी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघत शिकत होते. त्यातला माणूस दर वाक्याला "एकदम सिंपल" म्हणतो. त्याचा नट हाताने सुटतो. टाकीतला गंज धुतला, कार्बोरेटर तीनदा उघडला आणि चौथ्यांदा उघडला कारण एक स्क्रू बाहेरच राहिला होता. नवा प्लग, नवी बॅटरी, नव्या ट्यूब. ठिणगी पडत होती, पेट्रोल येत होतं, तरी गाडी एकदा खोकायची आणि गप्प. किक मारून मारून पोटरीत गोळे आले. सुट्टीचे चार दिवस उरले तेव्हा मी पाना अंगणात भिरकावला आणि तुमच्या नावाने काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई पायरीवर शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "बोळा काढलास काय गो?"

कसला बोळा, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "दरवर्षी पावसाच्या आधी गाडी झाकून ठेवताना सायलेन्सरात फडका कोंबायचे हे. कुंभारीण माशी मातीचं घर करते ना आत. दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी काढायचे. मला वाटलं, तुला माहीत हाय."

मला कसं माहीत असणार, आप्पा? मी आत चहा टाकत होते. तार वाकवून बोळा ओढून काढला. तुम्ही तो काठीने चांगला आत ढकलला होतात, बाहेरून दिसायची सोयच नव्हती. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, पार काळा पडलेला. तुम्ही भाद्रपदात गेलात, दसऱ्याच्या आधी. त्या वर्षी आपल्याकडे कुणी कशाची पूजा केली नाही. तो बोळा तुम्ही चार महिन्यांनी स्वतः काढायचा म्हणून घातला होतात, हे डोक्यात आलं आणि मला रडू फुटलं. रडतानाही रागच येत होता. एवढं एक वाक्य मला सांगून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? आईने माझ्या हातातून तो फडका घेतला आणि धुवायला नेला. पाचव्या किकला गाडी सुरू झाली.

आता मी रोज वर जाते. चढावर गाडी गुरगुरते, पण चढते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिते, एरवी तोंडावर बोलले नसते. गेल्या आठवड्यात शाळेपुढे मी चेन ओढून घेत होते. शेजारच्या घरातले म्हातारबाबा बघत उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, बाई, हे कुठं शिकलात? माझ्या तोंडून निघून गेलं, "वडिलांनी शिकवलं."

"पोरीला शिकवलान?" ते म्हणाले. "मोठ्या मनाचा माणूस हाय."

मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही.