श्यामकांतची जावा

मरोळ, अंधेरी (पूर्व)
२ मार्च १९६९

चि. भीमराज यास नंदाताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तू पाठवलेली शाल पोचली. एवढ्या उकाड्यात ती अंगावर घेऊन आई आख्खी चाळ हिंडून आली. घामाने निथळत होती, पण लेकाने पलटणीतून पाठवलीय हे सगळ्यांना सांगितल्याशिवाय काढली नाही. तिचे गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत आहे. माझं बल्बच्या कारखान्यातलं काम चालू आहे.

आता मुख्य गोष्ट. पाच वर्षांत ज्याने तोंड दाखवलं नाही, त्या तुझ्या दाजींचा निरोप आला. त्यांचा चुलतभाऊ दादू आला होता. म्हणाला, श्यामकांतला त्याची मोटारसायकल पाहिजे, पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन येतो. त्याची! तुला आठवतं ना, दीक्षा घेतल्यावर आपल्या बाबांनी भरसभेत शपथ घेतली होती, हुंडा देणार नाही, घेणार नाही म्हणून? आणि माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ह्या माणसाने जावा मोटारसायकल मागितली. बाबांनी दिली. त्यानंतर बाबा एकाही सभेला गेले नाहीत, लोकांच्या नजरेला नजर देणं जमेना म्हणाले. वर्षभरात गेलेच. मला मूल होत नाही म्हणून मला इथे माहेरी टाकून हा कुर्ल्याला आईकडे निघून गेला, तेव्हा गाडी इथेच बंद पडलेली होती, म्हणून मागच्या पडवीत राहिली. आता तिच्यावर कोंबड्या बसतात.

तू मोटारींचा डॉक्टर आहेस. मला एवढंच सांग, टाकीत काय ओतलं म्हणजे ती कायमची मरेल? साखर की वाळू? त्याच्या हाती भंगार पडलं पाहिजे.

प्रकृतीला जप. बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
नंदा


पठाणकोट
१० मार्च १९६९

ती. ताईस भीमराजचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि डोकंही फिरलं. डॉक्टरला विष विचारतेस होय गं? साखर महाग आहे, चहात घाल. ती गाडी मेलेलीच आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं आणि ऑइल मागे राहतं. पाच वर्षांत कार्बोरेटरच्या आत त्याचा डिंक झाला असेल. त्यातून आता काडीही जायची नाही. दाजींना टेम्पोभर भंगारच मिळेल.

तो तुला टाकून गेला तेव्हा मी त्याचा पाय मोडायला निघालो होतो. आईने दारात आडवं पडून थांबवलं. अजून कधीकधी वाटतं, तिला ओलांडून जायला पाहिजे होतं. पण ताई, तू आता कमावतेस, कुणाची मिंधी नाहीस. घेऊन जाऊ दे त्याला ते लोखंड. पडवी मोकळी होईल.

आईला सांग, शाल थंडीसाठी आहे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
भीमराज


मरोळ
१७ मार्च १९६९

चि. भीमराज यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं शहाणपण वाचलं. आता हे वाच.

काल दादू पुन्हा आला. बरोबर घाटकोपरचा एक तरुण होता, बाळ नावाचा. नीटनेटका, बोलायला गोड. त्याच्या बहिणीचं, सुगंधाचं, श्यामकांतशी लग्न ठरलंय. नवऱ्याची मोटारसायकल पहिल्या बायकोच्या माहेरी पडून आहे असं ऐकलं, म्हणून बघायला आला होता. गाडीवरचं पोतं काढून त्याने हात फिरवला, आणि मग फार हळू आवाजात मला विचारलं, की तुम्ही दिवंगत नंदाताईंच्या बहीण का?

मला आधी कळलंच नाही. मग त्यानेच सांगितलं, की टायफॉइडने गेल्या हे ऐकून आमच्या घरी सगळ्यांना वाईट वाटलं. दादू खाली मान घालून अंगठ्याने जमीन उकरत होता.

भीमराज, मी हो म्हणाले. बहीण आहे म्हणाले. त्याला चहा दिला. लग्न कधी, कुठे, सगळं विचारून घेतलं. २७ एप्रिल, रविवार, त्यांच्या वस्तीतल्या विहारासमोर मांडव आहे. तो गेल्यावर आईने माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायला बसली. इतक्या जोराने घासली, की पातेल्याची कल्हई निघाली.

दादूला निरोप दिलाय की टेम्पो पाठवू नका, गाडी आम्ही लग्नाच्या दिवशी पोचती करू. श्यामकांत खूश झाला म्हणे. मी बहीण म्हणून वेळ मारून नेली, म्हणून त्याला वाटतंय मी घाबरले.

मला आता ती मारायची नाही, चालू करायची आहे. चालवता येते मला. लग्न नवं होतं तेव्हा त्यानेच आरे कॉलनीच्या रस्त्यावर शिकवलं होतं, आणि मी त्याच्याहून सफाईने गिअर टाकते असं त्याचे मित्र म्हणाले, त्या दिवसापासून बंद केलं होतं. कार्बोरेटर कसा खोलायचा ते लिही. समोर लहान पोर बसलंय असं समजून लिही.

नंदा


पठाणकोट
२४ मार्च १९६९

ती. ताईस सविनय जयभीम.

मी रजा मागितली, मिळाली नाही. साहेबाला कारण सांगितलं असतं तर त्याने बंदूकच दिली असती. तेव्हा माझे हात म्हणून हे पत्र वापर.

आधी घरातला स्टो विझव. पेट्रोल उघडं असताना काडी ओढायची नाही, आईची मशेरीसुद्धा त्या दिवशी भाजायची नाही. टाकीखालचा कॉक बंद कर, नळी काढ. कार्बोरेटरच्या डोक्यावरची गोल चकती फिरवलीस की केबलला लटकून एक नळकांडं आणि सुई वर येईल, ती सांभाळून बाजूला बांधून ठेव. मग कार्बोरेटर इंजिनपासून सोडव. पांढऱ्या चादरीवर बसून खोल आणि जे निघेल ते निघालं त्या क्रमाने मांड. आत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट असतो, तो कानाशी हलवून बघ. आत पाणी डुचमळल्यासारखं वाजलं तर तो फुटलाय.

स्क्रूसारखे पितळेचे दोन जेट निघतील, एक मोठा, एक छोटा. त्यांच्यात केसाएवढं भोक असतं. सगळा प्राण तिथे आहे. पेट्रोलमध्ये रात्रभर भिजव, ब्रशच्या केसाने साफ कर, सायकलच्या पंपाने हवा मार आणि उजेडाकडे धरून बघ. पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे. स्टोची पिन अजिबात घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की खेळ संपला. टाकीत गंज असेल, तर मूठभर खडे आणि थोडं पेट्रोल घालून खळखळव. प्लग घास, बॅटरी चार्ज करून आण, टायरमध्ये हवा मार. नवं पेट्रोल ऑइल मिसळूनच भर.

आणि ताई, एक विचारू? ती मुलगी सुगंधा, तिचा काय दोष?

भीमराज


मरोळ
६ एप्रिल १९६९

चि. भीमराज यास अनेक आशीर्वाद.

तिचा काहीच दोष नाही. म्हणून तर जायचंय.

कार्बोरेटर खोलला. आत काय निघालं म्हणून सांगू! गुळाच्या काकवीसारखं काळपट, चिकट, कुजका वास. एक मेलेली गांधीलमाशीही होती. चाळीतल्या बायका पदर नाकाला लावून बघायला आल्या. बल्बच्या तारा लावून माझी बोटं अशा कामाला सरावलीत, त्यामुळे काही हरवलं नाही. खरवडताना मला सगळं एकेक आठवत होतं. त्याच्या आईने पंगतीतून मला उठवलं ते. वैद्याकडे मला एकटीला पाठवलं, स्वतः एकदाही आला नाही ते. आणि बाबा, मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात देताना दुसरीकडे बघणारे. जेवढं आठवत होतं तेवढं ते पितळ चमकत होतं.

पण गाडी दगा देतेय. किक मारली की सुरू होते, मूठ पिळून धरली की भुंकते, मूठ सोडली की मरते. कुठे चुकलं?

आई म्हणते तीही येणार. तिला तू समजाव, माझं ऐकत नाही.

नंदा


पठाणकोट
१२ एप्रिल १९६९

ती. ताईस सविनय जयभीम.

शाब्बास! पाच वर्षांचं मढं उठवलंस. तुझा मोठा जेट साफ आहे, छोटा अजून तुंबलाय. मूठ सोडल्यावर इंजिन त्याच्यावरच जगतं. पुन्हा काढ, पुन्हा भिजव, आभाळ दिसेपर्यंत सोडू नकोस.

आईला मी काय समजावणार? तिला घट्ट धरून बसायला सांग. माझी जुनी खाकी पँट ट्रंकेत आहे, ती घाल, साडी चाकात जाईल. त्याच्या अंगाला हात लावू नकोस. मला लावायचाय.

भीमराज


मरोळ
८ जून १९६९

चि. भीमराज यास आईचे व ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, चिडू नकोस. घरात माणसांची रीघ लागली होती.

छोटा जेट सुटला आणि गाडी एका जागी उभी राहून टकटक करायला लागली. सत्तावीसला दुपारी निघालो. मी तुझ्या पँटमध्ये, मागे आई पांढरं लुगडं नेसून, एका बाजूला पाय सोडून, तुझी शाल अंगावर. साकीनाक्यावरून असल्फ्याच्या चढाला गाडीने धूर सोडला, पण थांबली नाही.

मांडवात माणसं बसली होती. आवाज ऐकून लोक उठले. नवऱ्याची गाडी आली, नवऱ्याची गाडी आली, म्हणून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. श्यामकांत पांढऱ्या कपड्यांत हसत पुढे आला. मग त्याला चालवणारी दिसली.

बाळने मला ओळखलं आणि सगळ्यांना सांगितलं, की ह्या दिवंगत नंदाताईंच्या बहीण. मी गाडी बंद केली नाही. त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, की मी बहीण नाही, मीच नंदा, आणि माझ्या मरणाचं जेवण कुठे वाढलंय ते बघायला आले. श्यामकांत म्हणाला, बहीण गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेव्हा आई उतरली. तिने सांगितलं, की मी एकच पोरगी जन्माला घातली, ती ही, आणि हा माणूस तिचा नवरा आहे.

गलका उसळला. त्याची आई मला शिव्या द्यायला लागली. पण भीमराज, खरं काम त्या मुलीने केलं. सुगंधा उठून सरळ त्याच्यासमोर आली आणि तिने शांतपणे विचारलं, की तुमची बायको कशाने गेली? तो म्हणाला, काविळीने. ती म्हणाली, की दादाला तुम्ही टायफॉइड सांगितलात आणि आईला बाळंतपण. मग तिने हातातला हार खुर्चीवर ठेवला आणि आत निघून गेली. मांडवात फक्त जावा चालू होती.

एवढ्यावर मी निघू शकले असते. नाही निघाले. त्यांच्या पंचायतीच्या अध्यक्षांना म्हटलं, की मला भरमांडवात मारलंय, तर भरमांडवातच जिवंत करा. ते वयस्कर गृहस्थ, त्यांनी श्यामकांतला मधोमध उभं केलं. तो पुटपुटला, की माझी बायको जिवंत आहे. मी म्हटलं, मागच्या रांगेला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, हुंड्यात गाडी घेतली तेही सांगा. तेही सांगितलं. बाबांचं नाव घेऊन सांगायला लावलं. त्याच्या नाकावरून घाम टपकत होता. मी मन भरून बघितलं. तुला खोटं कशाला सांगू, मला दया आली नाही. आईला आली असेल तर तिने दाखवली नाही.

परतताना ती एकदाच बोलली. म्हणाली, जरा जोरात ने.

लग्न मोडलं. बाळ माफी मागायला घरी येऊन गेला. सुगंधाने निरोप पाठवला, की तिला बरं वाटतंय. आता मी कारखान्यात जावावर जाते. शनिवारी लवकर सुटते, तेव्हा कुर्ल्याला त्याच्या कंपनीच्या फाटकावरून जाते. पाळी सुटायची वेळ असते. थांबत नाही, बघत नाही, फक्त एकदा हॉर्न वाजवते. बाकीचे कामगार हसतात म्हणे, आणि त्याला नावाने नाही, जावा म्हणून हाक मारतात.

काल दादू आला होता. श्यामकांत मोटारसायकलवरचा हक्क सोडायला तयार आहे, पण ताईंनी शनिवारचा रस्ता बदलावा, अशी विनंती होती. मी दादूला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. आई म्हणते पुरे आता. बघू. पुरं झालं की माझं मला कळेल.

कुर्ल्याच्या खड्ड्यांनी चेन सैल झालीय, खडखड वाजते. ती कशी ताणायची ते पुढल्या शनिवारच्या आत पोचेल असं लिही. आईचे गुडघे दुखतात, तरी मागे बसायचा हट्ट सोडत नाही. स्वतःला सांभाळ, आणि आम्हा दोघींवर आजवर केलीस तशी माया करत राहा.

तुझी ताई,
नंदा