एवढी माणसं आणायची कुठून

१४ मार्च, गुरुवार

प्रिय धाकट्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रागावला आहेस असं धरून लिहिते आहे. माळावरच्या तुझ्या लाडक्या प्राचीन दगडांना हात लावायचं काम नेमकं तुझ्या बहिणीच्या क्रेनला मिळालं, म्हणजे राग येणारच. पण राग आला तरी माणूस बायकोचा फोन उचलतो. भावजय रोज विचारते, आणि मी रोज सांगते की माळावर रेंज नसते. पोरीचे पुढचे दात पडलेत. बाबांना दाखवल्याशिवाय टाकायचे नाहीत म्हणून तिने ते काडेपेटीत ठेवलेत. आकाश बघत चाकांवरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला एवढं खालचं काही कळवावं की नाही, कळत नाही. तरी कळवते.

तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. निम्मी पानं माझ्या अकलेबद्दल आहेत, ती सोडून. आपला वाद होता तिथेच आहे. तू म्हणतोस, दगडांवर उतरणारे दिवे इतक्या लोकांनी पाहिले, सगळे काय वेडे आहेत? मी म्हणते, वेडे नाहीत, पण विमानं असतात, फुगे असतात, आणि दिवा दिसावा म्हणून येऊन बसलेल्याला तो दिसतोच. तू म्हणतोस, भरल्या ट्रकपेक्षा जड दगड त्या काळच्या माणसांनी उभे करणं शक्यच नाही. मी म्हणते, का नाही? दोर, ओंडके, उतरता खड्डा आणि भरपूर माणसं. मग तू तुझा हुकमी पत्ता टाकतोस. त्या उजाड माळावर आसपास एक घर सापडलेलं नाही, चूल नाही, हाड नाही. एवढी माणसं आणायची कुठून?

या प्रश्नावर मी नेहमी विषय बदलत आले.

आता कामाचं सांगते. पडलेल्या दोन दगडांपैकी पहिला मंगळवारी उभा केला. आमच्या धंद्यात क्रेन चालवणाऱ्याने एकाच माणसाच्या हाताकडे बघायचं असतं, खाली उभ्या असलेल्या इशारेवाल्याच्या. आमचा इशारेवाला म्हणजे सगळ्यांचे मामा. बाकी कुणी कितीही हातवारे करो, आपण ढिम्म राहायचं. अपवाद एकच. दोन्ही हात आडवे पसरून कुणीही ‘थांब’ म्हटलं, अगदी रस्त्यावरच्या परक्या माणसाने म्हटलं, तरी आधी थांबायचं आणि मग विचारायचं.

लख्ख ऊन होतं. दगड जमिनीपासून हातभर सुटला आणि पलीकडच्या दोन उभ्या दगडांच्या मधे कुणीतरी हात पसरले. मी थांबले. मामांना सांगितलं, पलीकडून कुणीतरी थांबायला सांगतंय. पलीकडे कुणी नव्हतं, सगळी मंडळी अलीकडे होती. मामा वळसा घालून बघायला गेले. दगड ज्यात अडकवून उचलतो तो पट्टा त्या बाजूला दगडाच्या धारेने कापत आला होता, थोडक्या धाग्यांवर होता. उत्खनन करणाऱ्या बाई टेप घेऊन नको तितक्या जवळ वाकलेल्या होत्या. मग सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, चहा झाला, पट्टे बदलले.

दगडाचं बूड खड्ड्यावर आणलं, तर आत आधाराचे दगड रचलेले. बाई हरखल्या, हजारो वर्षांपूर्वीचे म्हणाल्या. असतीलही. पण वजन यायच्या आधी आम्ही ठोकळे मांडून, जागा झाडून घेतो, तशी ती जागा झाडलेली होती.

इथपर्यंतचं भावजयीलाही सांगितलं आहे. पुढचं फक्त तुला.

दगड खाली सोडताना मामा त्याच्या आड गेले. हात दिसेनासा झाला की थांबायचं, हा नियम. मी थांबले नाही. पलीकडे दुसरा हात दिसत होता, आणि तो इतका जाणता होता की माझी बोटं त्याच्या मागे आपोआप गेली. दगड अलगद बसला. मामा घाम पुसत केबिनशी आले आणि हळूच म्हणाले, “ताई, मी तर हात खाली घेतला होता. तुम्ही कुणाचं बघून उतरवलात?”

मी म्हटलं, अंदाजाने. खोटं बोलले.

त्या हातामागे रांग होती. माणसांची. टाचा मातीत रोवून, मागे झुकून, मुठी आवळून उभी. दोर दिसत नव्हता, ताण दिसत होता. पुढच्यांनी कातडी पांघरलेली, त्यांच्या मागे जाडेभरडे कपडे, मग कोट घातलेले, मग गळ्यात दुर्बिणी अडकवलेले. एकजणही वर बघत नव्हता. शेवटच्याच्या अंगात पिवळा स्वेटर होता आणि कोपराला हिरवं ठिगळ.

ठिगळाला हिरवी लोकर का घेतलीस म्हणून तू भावजयीशी भांडला होतास, आठवतं?

संध्याकाळी तुझ्या खोलीकडे गेले. दार उघडं, दुर्बीण आकाशाकडे रोखलेली, कपात चहा तसाच, बूट दाराशी. माझी आधीची पत्रं न फोडलेली. पोलिसांनी लिहून घेतलं. दिवे बघायला येणारे अधूनमधून असे न सांगता निघून जातात म्हणाले. ते पुढे कुठे जातात, हे त्यांनी कधी विचारलेलं दिसलं नाही.

दिवे आहेत, धाकट्या. तुझं खरं. दगड माणसांनीच उभे केले, तेही खरं. आणि एवढी माणसं आणायची कुठून, हेही आता कळलं. दिवा दाखवला की येतात.

मला फार भीती वाटते आहे. काम सोडून द्यावं असं मनात येतं. पण मी नाही तर दुसरं कुणीतरी क्रेनवर बसेल, आणि त्याला तू कोण?

सोमवारी दुसरा दगड. तो शेवटचा. त्यानंतर ओढायला काही उरत नाही, आणि मग ती रांग कुठे जाते, मला माहीत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या दारात न टाकता त्या दगडाच्या बुडाशी ठेवते आहे, दोर बांधायला तुम्हाला जिथे वाकावं लागेल तिथे.

नीट वाच. वजन क्रेनने तोललं की तुमचा दोर सैल पडेल. दगड खड्ड्यावर आणून मी थांबेन. पलीकडचा हात काहीही सांगो, मामा कितीही ओरडोत, मी खाली सोडणार नाही. तेवढ्यात मूठ उघड आणि चालू लाग. कुठल्याही दिव्याकडे बघू नकोस, माझ्या क्रेनवरच्याही नाही. कुंपणापाशी भावजय उभी असेल. तिला इतकंच सांगितलं आहे की तू येतो आहेस. पोरगी काडेपेटी घेऊन येणार आहे.

घाई करू नकोस. तुझा हात सुटेपर्यंत वजन माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई