राजकन्येच्या शेजारचा घोडेस्वार

५ जानेवारी २००९, दुपार
आज बेंचवर महिना झाला. प्रोजेक्ट संपलंय, पगार आहे, काम नाही. हिंजवडीची बस मात्र रोज न चुकता पकडतो. नेटवर जाहिरात दिसली: ऐतिहासिक प्रेमपट, शूटिंग लोणी काळभोरजवळ, कलाकार हवेत. तरुण राजकन्येची गादी काका बळकावतो, तिचा एका सरदारावर जीव जडतो, शेवटी ती घोडा दौडवत येऊन राज्य परत घेते.
सरदार मीच. नावच दिग्विजय.
संकल्प: मिशी वाढवणे. पोट कमी करणे. कुणाला सांगायचं नाही.

संध्याकाळ
बसमध्ये सगळ्यांना सांगितलं.

९ जानेवारी
ऑडिशन. कल्याणी नावाची असिस्टंट डायरेक्टर. वय पंचविशीतलं, बोलणं थेट पेठेतलं. सरदाराची भूमिका कधीच दिली गेलीय म्हणाली. तरीही मी संवाद म्हणून दाखवला. तिने घड्याळ पाहिलं. घोड्यावर बसता येतं का, विचारलं. लहानपणापासून, म्हणालो. (महाबळेश्वर, दहा मिनिटं. फोटो आहे.)
राजकन्येच्या शेजारून दौडणारा स्वार म्हणून निवड! शेजारून, म्हणजे फ्रेममध्ये. शिवाय हिरो मुंबईचा आहे. इथल्या थंडीत आजारी पडू शकतो.

१० जानेवारी
उत्कर्षाला सांगितलं. बायकोला आनंद व्हायला हवा. कणीक मळता मळता म्हणाली, "घोड्याला विचारलंत का?"
तिचे मच्छिंद्रमामा लोणीला वरातींसाठी घोडे देतात. सिनेमालाही तेच देणार आहेत. उद्या त्यांच्याकडे सराव. उत्कर्षाही येते म्हणते. येऊ दे, डबा लागेलच.

११ जानेवारी
घोडीचं नाव राणी. "लई गरीब हाय," मामा म्हणाले. गरीब असेल, पण उंच आहे. तीनदा चढलो, दोनदा उतरलो. एकदा तिनेच उतरवलं. मामा म्हणतात चूक माझी. त्यांना घोड्यातलं कळतं, अभिनयातलं नाही.
मग उत्कर्षाने ओढणी कमरेला बांधली, लगाम घेतला आणि शेताला चक्कर मारून आली. दौडत! लहानपणी सुट्टीत शिकली म्हणे. लग्नाच्या आठ वर्षांत बोलली नाही. मी विचारलं नव्हतं म्हणे.

१४ जानेवारी
कंबर. सराव सोफ्याच्या हातावर. मिशी डावीकडेच दाट येतेय. कॅमेऱ्याला डावी बाजू देणार.
रजेसाठी मॅनेजरला फोन केला. त्याने विचारलं, आपण कुठल्या टीममध्ये?

१७ जानेवारी
शूटिंग. राजकन्या झालेली नटी घोड्याला घाबरते. तिच्याऐवजी दौडणारी मुलगी आलीच नाही. कल्याणी फोनवर ओरडत होती. मी पुढे होऊन धीर दिला. तिने बाजूला व्हायला सांगितलं. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या उत्कर्षाकडे बोट दाखवत मामा म्हणाले, "ही भाची हाय माझी. हिला बसवा की."
उत्कर्षाला शेला, दागिने, कमरेला तलवार. लांबून हुबेहूब राजकन्या. ती टेकडीवरून दौडत आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेजारी आपण असायला हवं होतं, हे विसरूनच गेलो. ती हसत होती. असं हसताना तिला कधी पाहिलं नव्हतं.
मग माझी पाळी. राणी जागची हलली नाही. कल्याणी म्हणाली, "तुम्ही प्रजेत या."

१८ जानेवारी
राजकन्या राजधानीत शिरते, दुतर्फा प्रजा वाकते, असा सीन. कडेला उभं राहिलं की चेहरा दिसत नाही, म्हणून मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन टेक वाया गेले. कल्याणीने भोंग्यावरून काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.
तिसऱ्या वेळी उत्कर्षाने लगाम खेचला. घोडी माझ्या नाकासमोर थांबली. आवाज नंतर भरणार असल्याने राजकन्येला बोलायची मुभा होती.
"अहो," ती वरून म्हणाली, "बाजूला व्हा."
झालो. वाकलोही.
टेक ओके.