सर्व्हरच्या दारातला पहारेकरी

३ फेब्रुवारी
आजपासून राग बंद. कायमचा. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण नोंदवून ठेवतो. सकाळी ऑफिसात की-बोर्ड टेबलाच्या कडेवर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा शेजारच्या मुलीच्या चहाच्या कपात. बटणं अजून सापडताहेत. दोष माझा नाही. कुणीतरी न तपासलेला कोड सर्व्हरवर ढकलला होता आणि सोबत नोंद काय, तर "किरकोळ बदल". त्या किरकोळ बदलाने गोदामातला सगळा माल शून्य दिसायला लागला. कुणाचा कोड ते बघायलाही थांबलो नाही, हात आधी चालला.

मॅनेजर बाईंनी आत बोलावलं. शांतपणे म्हणाल्या, यापुढे ऑफिसात वस्तू फुटली किंवा माणूस फुटला तर नारळ मिळेल. आणि समुपदेशकाकडे जायचं, ही अट.

घरी बायकोचंही तेच. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बिजागरीसकट माझ्या हातात आलं तेव्हापासून ती बेताचंच बोलते. म्हणाली, पुन्हा कुणावर हात उचललास तर मी आईकडे जाईन, आणि परत यायचं की नाही ते तिथे बसून ठरवेन. मी आठवण करून दिली की तिच्यावर मी आजवर बोटही उगारलेलं नाही. तर विचारते, मग काय सत्कार करू?

५ फेब्रुवारी
समुपदेशक मऊ आवाजाचा माणूस. समोर पाण्याचा ग्लास ठेवतो, प्लॅस्टिकचा. लोक फेकत असणार. म्हणाला, राग आणि हात यांच्यामध्ये एक दार बसवा. दारात पहारेकरी उभा करा. तो विचारेल, याला जाऊ द्यायचं का?

माणूस बावळट आहे, पण पहारेकरी डोक्यात बसला. रागासाठी कशाला? कोडसाठी.

६ फेब्रुवारी
उद्या बाईंना समजवायचं आहे म्हणून सोप्या भाषेत लिहून बघतो. आमच्या सगळ्यांचा कोड एका सर्व्हरवर जमा होतो. जो तो आपापल्या मशीनवरून तिथे ढकलतो. सर्व्हरवर एक स्क्रिप्ट ठेवता येते, तिला हुक म्हणतात. कोड आत घेण्याआधी सर्व्हर ती चालवतो. नियमात बसला तर आत, नाही तर दारातूनच माघारी. वर आपण लिहून ठेवलेला निरोप तोंडावर.

थोडक्यात, यापुढे मारामारी सर्व्हर करेल. मी हाताची घडी घालून बसणार.

९ फेब्रुवारी
पहारेकरी लिहून झाला. आमच्याकडे प्रत्येक कामाला नंबर असतो, नोंदीत तो काम नंबर नसेल तर प्रवेश नाही. "किरकोळ बदल" लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. नियम तासाभरात झाले, बाकीचा दिवस निरोप लिहिण्यात गेला. त्यातला सर्वांत सौम्य असा: "चालता हो. आधी अक्कल आण, मग कोड आण." बाकीच्यांत आई-वडिलांचा उल्लेख आहे, इथे लिहीत नाही. इतकं हलकं वाटलं की शीळ घालत बसलो.

मेहुणा घरी आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच टीममध्ये आहे, मीच चिकटवला. विचारतो, भावजी, आधी दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलंत का? मी म्हटलं, तू मला पोहायला शिकवू नकोस. मान डोलावून उठला. भिडस्त आहे, आयुष्यात पुढे जायचा नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी
पहारेकऱ्याची फाइल सर्व्हरवर ठेवली. पहिला कोड मीच ढकलला. बिनबोभाट आत गेला. अर्थात. माझ्या कोडला अडवणार कोण?

सर्व्हरने उत्तरात एक पिवळी ओळ छापली, "सूचना" शब्दाने सुरू होणारी. वाचली नाही. मी सूचना देतो, घेत नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
टीमला उभं करून सांगितलं की आजपासून हलगर्जीपणा करणाऱ्याच्या कानाखाली सर्व्हरच जाळ काढेल. पैलवान खाली बघून हसला असं वाटलं. हा सर्व्हर सांभाळतो, जिमला जातो, म्हणून पैलवान. त्याची कॉलर धरावीशी वाटली. धरली. पण लगेच सोडली.

प्रगती.

१७ फेब्रुवारी
कमाल झाली. एकही गचाळ कोड नाही. नोंदी धुतल्या तांदळासारख्या, प्रत्येकीत काम नंबर. सरळ बोटाने तूप निघत नाही हे मी कधीपासून सांगतोय.

मेहुणा मात्र डोळे तांबारलेले घेऊन येतो. बायको म्हणाली, त्याच्यावर कामाचं फार ओझं आहे. कसलं ओझं? काम तर पहारेकरी करतो. दुपारी बघावं तर याच्या टेबलाशी रांग, प्रत्येक जण लॅपटॉप घेऊन उभा. गप्पांचा अड्डा. मी मूठ आपटून रांग मोडली. टेबलावरची काच तडकली. काच मुळातच हलक्या प्रतीची होती. बाईंना सांगितलं, उन्हाने तडकली.

२४ फेब्रुवारी
रागावर विजय मिळवल्यासारखाच आहे. कागद अडकला म्हणून प्रिंटरला आज एकच लाथ घातली, पूर्वी मी थांबत नसे. लिफ्टमध्ये एका माणसाने माझ्या बुटावर पाय दिला. त्याला फक्त भिंतीशी दाबून धरलं आणि त्याचा मजला आल्यावर सोडून दिलं. हे समुपदेशकाला सांगितलं तर तो बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. बहुधा माझ्यावर लेख लिहितोय.

बाईंना सुचवलं की या पहारेकऱ्याबद्दल मी इतर टीमना दोन शब्द सांगावेत. बघू म्हणाल्या. संसारी बाई आहे, मोठेपणा पटकन पचत नाही.

बायको आज आपणहून बोलली. कपाटाचं दार बसवायला सुताराला बोलावू या का, असं विचारलं. म्हणजे तिचा मुक्काम पक्का. मी म्हटलं सुतार कशाला, मीच बसवतो. हातोडी बोटावर बसली. ती मी खिडकीतून फेकली. खाली कुणी नव्हतं.

४ मार्च, दुपारी
गोदाम बंद पडलं. सगळा माल शून्य. दारात ट्रक उभे, हमाल बसून आहेत, फोन थांबत नाहीत. कुणीतरी गचाळ कोड ढकलला आणि तो आत गेला. नोंद: "किरकोळ बदल".

माझा पहारेकरी दारात असताना. याचा अर्थ एकच. पहारेकऱ्याला कुणीतरी मारलं. घातपात आहे हा.

पैलवान म्हणतो, मी हात लावलेला नाही. सर्व्हरच्या खोलीत जाऊन रॅकला लाथ घातली. रॅक लोखंडी आहे. अंगठा बहुतेक मोडला.

४ मार्च, संध्याकाळी
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची बोटं सुजली आहेत.

लंगडत विचार केला. त्या खोलीची किल्ली तिघांकडे. पैलवान, मी आणि मेहुणा. मेहुणा नेमका आज रजेवर. चोराच्या मनात चांदणं. इतक्यात तोच धावत आत आला. बातमी कळली म्हणून आलो म्हणे. गाल फुगलेला. मी विचारलं, माझ्या पहारेकऱ्याचं काय केलंस? त्याने तोंडातला कापसाचा बोळा काढला आणि सांगायला लागला की भावजी, तो मुळात कधी... एवढंच ऐकलं. मी ठेवून दिली.

सुजलेल्या गालावरच बसली. गाल मी निवडला नव्हता, माझा उजवाच हात चालतो. तो खुर्चीसकट आडवा झाला आणि नाक टेबलाच्या कडेवर आपटलं. शर्टभर रक्त. नंतर कळलं, सकाळीच दाढ काढून आला होता. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

पैलवानाने मागून मिठी मारून मला उचललं आणि भिंतीवर चेपलं. बरगड्या अजून ठणकताहेत. मी त्याच्या दंडाला चावलो. दंड फार टणक आहे.

मेहुण्याला दवाखान्यात नेलं. बाईंनी पैलवानाला सर्व्हर मोठ्या पडद्यावर दाखवायला सांगितला. पहारेकरी होता तिथेच होता. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. फक्त, अशा फाइलला चालायची परवानगी द्यावी लागते. नाही दिली तर सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती द्यायची राहिली होती. माझ्याकडून. माझा पहारेकरी एक दिवसही चाललेला नाही.

पिवळ्या ओळीत हेच लिहिलेलं होतं. ती सगळ्यांना दिसायची, प्रत्येक वेळी.

बाईंनी विचारलं, मग कुणी सांगितलं का नाही? शेवटी शेजारची मुलगी म्हणाली, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यांचा की-बोर्ड कुठे पडतो ते मी पाहिलंय. मग म्हणाली की मेहुण्यानेच सगळ्यांना हात जोडले होते. कोड आधी माझ्याकडे आणा, मी तपासून देतो, भावजींचं डोकं फिरलं तर माझ्या ताईचं घर मोडेल. ती दुपारची रांग त्यासाठी. भावजी स्वतः कुणाला दाखवत नाहीत म्हणून त्यांचा कोड तो मागाहून गुपचूप दुरुस्त करायचा. आज दाढेपायी तेवढं राहिलं.

मी म्हटलं, आज माझा काय संबंध?

बाईंनी पैलवानाकडून त्या फाइलला चालायची परवानगी देववली आणि मला म्हणाल्या, आता बिघाड तुम्ही दुरुस्त करा, ट्रक थांबलेत. केला. माझ्या हाताला गुण आहे, चार ओळींत झाला. घाईघाईने ढकलला. मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर उत्तर आलं. चालता हो. आधी अक्कल आण, मग कोड आण.

नोंदीत मी लिहिलं होतं, किरकोळ बदल.

पैलवानाने पडद्यावरची नोंदींची यादी वर सरकवली. दुपारची नोंद, तेच शब्द, माझं नाव. आणखी वर, ३ फेब्रुवारीची, तेच शब्द, माझं नाव. निरोप बाईंनी एकदा मोठ्याने वाचला, मग माझं ओळखपत्र मागितलं.

५ मार्च
बायको रात्रीच आईकडे गेली. भांडली नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाली की माझा भाऊ इतके दिवस तुझ्या हातापुढे उभा होता. मला खूप काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं, काम नंबर कुठे होता?

का निघालं कुणास ठाऊक. घाण वाटतंय.

८ मार्च
फोन केला. बायको म्हणाली, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काय सांगायचं ते लिहून माझ्याकडे पाठव. मी वाचेन, पटलं तर त्याला देईन.

९ मार्च
माफी पाठवली. चांगली लांबलचक, विचारपूर्वक. माघारी आली. "पण" चालणार नाही म्हणे. सगळे "पण" काढले. पुन्हा माघारी. "दाढेचं आधी सांगायला हवं होतंस" हे वाक्य नको. फोन भिंतीवर फेकला. काच तडकली, तरी चालतोय.

१० मार्च
माघारी. पहारेकऱ्याचा उल्लेख नको.
माघारी. घातपात हा शब्द नको.
माघारी. "चूक दोघांचीही" नको.

११ मार्च
काढता काढता शेवटी एवढंच उरलं: मी तुला मारलं. चूक माझी. तू माझं घर सांभाळत होतास.

पुढे गेलं.

संध्याकाळी मेहुण्याचं उत्तर आलं. भावजी, नोंदीत काम नंबर राहिला. खाली आणखी एक ओळ: नाक बरं आहे, ताई अजून नाही म्हणते.

लेकाचा हसतोय. तडकलेल्या काचेतून परत परत वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, ते काचेमुळे.

आज दिवसभरात काहीही फोडलं नाही, कुणावर हात उचलला नाही. समुपदेशकाला तसं कळवून टाकलं, पूर्ण बरा झालो म्हणून. घरात माणूस नाही आणि कप एकच उरलाय, हे काही कळवलं नाही.