ड्रायव्हर: वसंत गुरव

प्रिय बाबा,

गेल्या मंगळवारी रास लफानहून कंपनीच्या बसनं घरी येत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. "आप वसंत गुरव की बेटी?" मी दचकलेच. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इथं कतारमध्ये तुमचं नाव घेणारं आहे तरी कोण?

फोन अबू जासिमच्या माणसाचा होता. आपल्या हिरव्या गाडीच्या आत्ताच्या मालकाचा. म्हणून लिहायला बसलेय. सांगायचंय ते सांगायचंच आहे, पण आधी माफी मागायची आहे.

तुम्ही दोन महिने इथं दोह्यात, अल हिलालला आमच्याकडे राहिला होतात. एका शुक्रवारी सूक वाकिफच्या बाजारात जुन्या गाड्या मांडल्या होत्या. माझे साहेबही सहकुटुंब आले होते. आणि तुम्ही त्या दोन सीटच्या उघड्या हिरव्या गाडीपाशी असे थांबलात, की मला वाटलं तुम्हाला चक्कर येतेय!

"सुमे, ही रुस्तमशेठची. डाव्या दाराखाली पत्र्याचं ठिगळ आहे बघ, सहा रिव्हेटचं. मी मारलेत." आणि न बघताच तुमचा हात तिथं गेला.

"चाचा, हात मत लगाओ," तिथला माणूस म्हणाला. तुम्ही त्याला सांगायला लागलात, "अरे, इसको मैंने रेस में चलाया है." तो हसला. माझे साहेबही हसले.

आणि मी काय केलं? तुमचा दंड धरला आणि म्हणाले, "बाबा, पुरे आता ती गोष्ट. चला."

तुम्ही आलात. भांडला का नाहीत हो माझ्याशी? त्यानंतर ती गोष्ट मी तुमच्या तोंडून कधीच ऐकली नाही.

पण तुम्ही त्या माणसाला माझा नंबर लिहून दिला होतात! मी साहेबांच्या मुलांसाठी कुल्फी घेत होते, तेव्हाच दिला असणार. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

अबू जासिम गाडीचा इतिहास लिहून घेत होते. अशा गाड्या जगात मोजक्याच उरल्यात म्हणे. आधी एक चहामळेवाला इंग्रज, मग पुण्याचे रुस्तमशेठ, त्यांच्यानंतर गाडी विलायतेला गेली, तिथून दोह्यात. विमानांच्या धावपट्टीवरच्या, तुमच्या गोष्टीतल्या त्या शर्यतीची नोंदही होती: दुसरा क्रमांक, चालक रुस्तमशेठ. खात्री करायला त्यांनी शेठच्या मुलीला, फिरोजाबाईंना, पुण्याला पत्र घातलं. आता ऐंशीच्या घरात आहेत त्या. त्यांनी उत्तर पाठवलं:

"त्या सकाळी गाडी सुरू करायला हँडल मारताना डॅडींचं मनगट मोडलं. त्यांचं हेल्मेट घालून वसंतनं गाडी चालवली. मी तिथं होते. कप आमच्या कपाटात राहिला, याची मला अजून लाज वाटते."

अबू जासिमनी बोलावलं म्हणून मी गेले होते; ते पत्र मी तिथंच, गाडीशेजारी उभी राहून वाचलं. मग खाली वाकले. सहा रिव्हेट, बाबा. मोजले मी.

त्यांचा मॅनेजर म्हणाला, छापील नोंद बदलू नका, उगाच शंका येतील, गाडीची किंमत पडेल. अबू जासिमनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, "जिसने चलाया, उसका नाम लिखो. खलास." माझ्यासमोर लिहायला लावलं. चालक: वसंत गुरव.

आईला फोन केला, तर ती शांतच! "मला कशाला हवं होतं फिरोजाचं पत्र? सांगताना ह्यांचा हात गिअर टाकायचा. खोटं बोलणाऱ्याचा हात असा चालतो होय?"

मला का नाही दिसला तो हात? इतक्या वेळा समोर बसून ऐकलं, आणि लक्ष कुठं होतं माझं?

तुमचाही थोडा रागच येतो. चाळीस वर्षं रुस्तमशेठच्या गॅरेजात राबलात, पण त्यांना एकदाही म्हणाला नाहीत, की त्या कपावर माझं नाव घाला. विचारलं की म्हणायचात, "गाडी त्यांची, नाव त्यांचं. पण पळताना मजा कुणाला आली?" आणि लहान मुलासारखे हसायचात.

निघताना अबू जासिम म्हणाले, "जनवरी में सर्किट पे ले जाएँगे. तुम चलाओगी? एक चक्कर, आहिस्ता." मी हो म्हणून बसले! इथं आयुष्यभर ऑटोमॅटिक चालवलेली मी. आता शनिवारी गिअरची गाडी शिकायला जाते. काल चारदा बंद पाडली. रोहन मागच्या सीटवरून ओरडतो, "क्लच, मम्मा, क्लच!" तुमच्या नातवाच्या तोंडून निदान एवढं तरी तुमच्या भाषेतलं ऐका.

तर बाबा, हा माझा शब्द. जानेवारीत मी ती एक फेरी पुरी करीन. हळू का होईना, पण स्वतःच्या नावानं.

तुमची,
सुमन वसंत गुरव